ट्रॉली स्पीकर: घुमट-आरतीला पास, झेंडावंदनाला नापास

गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या वाचनालयासाठी चतुर्थीच्या आधी हा स्पीकर घेतला. पंधरा इंची, दोन कॉर्डलेस माइक, रिमोट, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, साडेनऊ हजार. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही.

आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. घुमट-आरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेली आरती) पलीकडच्या वाड्यावर ऐकू गेली, शब्दही स्पष्ट. बॅटरी एका भजनाला आरामात पुरते. चाकं मात्र लाल मातीत रुततात, उचलूनच न्यावा लागतो.

पण आम्ही तो घेतला होता मुख्यतः झेंडावंदनासाठी, आणि 19 डिसेंबरला, मुक्तिदिनी, त्याने सगळ्यांना घाम फोडला. झेंडा वर गेला, बटण दाबलं. आधी कुणा बाईने इंग्रजीत ‘यूएसबी मोड’ अशी घोषणा केली. मग राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्याबरोबर जाळीमागचे लाल-निळे दिवे ठेक्यावर लुकलुकू लागले. दिवे बंद करायचं बटण आहे, पण स्पीकर बंद करून पुन्हा चालू केला की ते परत पेटतात.

‘जय हे’ झालं, लोक सैल झाले, आणि पुन्हा ‘जन गण मन’! पेनड्राइव्हवर एकच फाइल असली की हे यंत्र ती फिरवत बसतं; कंपनीने तसंच ठरवून दिलंय. सगळे परत सावधान. बंद करायला जाणार कोण? रिमोट ज्याच्या खिशात, तोही सावधानच! दुसऱ्या फेरीनंतर खजिनदारांनी धावत जाऊन बटण दाबलं. लहानपणी शाळेत पोर्तुगिजांचं राष्ट्रगीत म्हणावं लागलेले आमचे एक काका काठी टेकून दोन्ही वेळा ताठ उभे होते. हळूच म्हणाले, “आनी कितले फावट रे?” (अजून किती वेळा रे?)

1971 चा कायदा राष्ट्रगीतात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. स्पीकर त्यात बसत नाही, नाहीतर हा आत गेला असता. उभं राहिलं नाही म्हणून दुसऱ्यावर डाफरणारे आपल्याकडे पुष्कळ. 2016 मध्ये पणजीच्या थिएटरात व्हीलचेअरवरच्या माणसावरही हात उचलला गेला. आदल्या दिवशी वायर लावून एकदा वाजवून बघणारा मात्र शोधावा लागतो.

ज्यांच्याकडे हा आधीच आहे त्यांच्यासाठी: पेनड्राइव्हवर राष्ट्रगीतानंतर पाच मिनिटांची कोरी, बिनआवाजाची फाइल टाका. ब्लूटूथवरून वाजवूच नका, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. रेकॉर्डिंग 52 सेकंदांच्या आसपासचं घ्या; आलाप-ताना घातलेली लांबलचक नकोत, बरोबर म्हणणारे मागेपुढे होतात. चार्जिंग आदल्या रात्रीच करा, नाहीतर ‘बॅटरी लो’ची घोषणा नेमकी ‘विंध्य हिमाचल’वर येऊन बसेल.

26 जानेवारीला आम्ही स्पीकर लावलाच नाही. काकांनी पेटीवर सूर दिला, तोही जरा खालचा, कारण वरचा धरला की शेवटाकडच्या ‘जय हे, जय हे’ला सगळ्यांचे गळे फाटतात. मुलांनी सुरुवात केली, बाकीचे मागोमाग. छान झालं.

पाचपैकी तीन तारे, तेही आरतीचे. नुसत्या झेंडावंदनासाठी घेत असाल तर बिनदिव्यांचा, वायरवाला साधा स्पीकर बघा, आणि दुकानातच एकच फाइल टाकून ती संपेपर्यंत वाजवून घ्या.