मैलपाईप उकरायचा की आतूनच दुरुस्त करायचा?

कोकणातल्या बऱ्याच जुन्या घरांत संडासापासून टाकीपर्यंत चार इंची चिनी मातीचा पाईप आहे. दोन-तीन फुटांवर सिमेंटचा सांधा. तो सुटला की माडाची, फणसाची मुळं आत शिरतात आणि ऐन आषाढात चेंबर तुंबतं. त्याहून वाईट म्हणजे सुटलेल्या सांध्यातून पाझरणारं पाणी विहिरीकडे जातं. कावीळ आणि जुलाब तिथूनच घरात येतात, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आधी चेंबरमधून कॅमेरा घालून आतलं चित्र बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पाईप सरळ आहे, उतार शाबूत आहे, फक्त तडे आणि मुळं आहेत, तर अस्तर लावणं उत्तम. मुळं कापून पाईप धुतात, राळेत (रेझिनमध्ये) भिजवलेली मऊ नळी आत सोडून हवेने फुगवतात आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने कडक करतात. जुन्याच्या आत नवा, बिनसांध्याचा पाईप तयार होतो. ही रीत लंडनमध्ये १९७१ साली सुरू झाली. नीट केलेलं अस्तर साधारण ५० वर्षं धरून चालतात. व्यास काही मिलिमीटर कमी होतो, पण आतून गुळगुळीत असल्याने वाहण्याला अडचण येत नाही. पडवीखालून, लाद्यांखालून किंवा वृंदावनाजवळून पाईप जात असेल, तर मी हाच मार्ग धरेन.

पाईप मध्येच खचून पाणी साचत असेल, तर मात्र अस्तराला पैसे घालू नका. अस्तर जुन्याच वळणाने बसतं, खळगा तसाच राहतो. तिथे खोदाईच हवी.

पाईप ठिकठिकाणी चेपलेला असेल, तर तो आतून फोडत मागून नवा एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाईप ओढून घेतात. दोन्ही टोकांना खड्डे लागतातच. चिऱ्याचा पाया जवळ असेल, तर तो धक्का मला नको वाटतो.

खोदाईचा हिशेब जमिनीवर ठरतो. जांभ्यात चर खणायला घाम निघतो, पण कडा उभ्या राहतात. किनाऱ्यालगतच्या पुळणीत खणलं की कडा ढासळतात, हातभर खाली पाणी लागतं. मोकळ्या अंगणातला छोटा तुकडा असेल, तर गावचा गवंडी आणि प्लंबर पुरे. भूमिगत कामाचाच, आयएस १५३२८ या भारतीय मानकाची छाप असलेला पीव्हीसी पाईप घाला, चार इंचीला साधारण १:४० उतार ठेवा. आतल्या दुरुस्तीची यंत्रं बहुधा मुंबई-पुण्याहून आणावी लागतात, त्यामुळे छोट्या कामाला ती परवडणं कठीण. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून बोलावलं तर भार हलका होतो.

काम दिवाळीनंतर, भूजल उतरल्यावर काढा. सांध्यांतून पाणी आत येत असताना राळ नीट बसत नाही. आणि ठेकेदाराकडून कामाआधीचं व नंतरचं कॅमेऱ्याचं चित्रण घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.