हौशी नेमबाजासाठी दोन लाखांचे एअर पिस्तूल: नाशिकमधून एक परीक्षण

महिन्यातून एखाद-दोन रविवार रेंजवर जाणाऱ्या माणसाने दोन लाख रुपयांच्या घरातले आयात केलेले मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचे एअर पिस्तूल, घ्यावे, की क्लबच्याच पिस्तुलावर भागवावे, हा प्रश्न नाशिकमध्ये हल्ली वरचेवर कानावर येतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरची दोन आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेचे एक अशी कांस्यपदके आल्यानंतर कॉलेज रोडवरच्या शाळकरी मुलांपासून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींपर्यंत अनेकांना १० मीटरच्या नेमबाजीची गोडी लागली आहे. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना त्यांचे प्रशिक्षक योग्य ते सांगतीलच. मी लिहितो आहे ते आमच्यासारख्या रविवारच्या नेमबाजांसाठी, ज्यांना पदक नको आहे, पण आपला स्कोअर गेल्या महिन्यापेक्षा चार गुणांनी वाढावा असे मात्र मनापासून वाटते.

बाजारात काय मिळते ते आधी पाहू. आठ-दहा हजारांची स्प्रिंगवर चालणारी पिस्तुले आहेत. त्यांचा ट्रिगर जड आणि खरखरीत असतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत स्प्रिंगचा धक्का हाताला बसतो, आणि रेंजवर नेण्याच्या दृष्टीने त्यांचा विचार न केलेलाच बरा. त्यानंतर एकदम मोठी उडी आहे. दाबाखालच्या हवेच्या सिलेंडरवर चालणारी प्राथमिक दर्जाची मॅच पिस्तुले लाखाच्या अलीकडे-पलीकडे मिळतात, तर मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्डिनी या घराण्यांची वरच्या दर्जाची पिस्तुले दीड ते अडीच लाखांपर्यंत जातात. आयात शुल्क आणि युरोचा भाव यांवर हा आकडा सतत खाली-वर होतो. यांपैकी कशालाही परवाना लागत नाही, कारण शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्रांना त्यातून सूट आहे. मॅच पिस्तुलाचा ०.४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा जेमतेम ५ जूल भरते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. ते द्यावे आणि बिल जपून ठेवावे.

रेंजवरच्या एका स्नेह्याने इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे स्विस पिस्तूल घेतले आणि मोठ्या मनाने ते मला अनेक महिने वापरू दिले. त्याबद्दल स्पष्ट सांगतो: ट्रिगर अप्रतिम आहे. नियमाने ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावे लागते आणि क्लबच्या जुन्या पिस्तुलाचेही तेवढेच होते, त्यामुळे कागदावर दोन्ही सारखीच. फरक जाणवतो तो त्या ५०० ग्रॅमच्या शेवटच्या टप्प्यात. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो; जुन्या पिस्तुलात बोट दुसऱ्या टप्प्यावर टेकल्यानंतर किंचित सरकते, अडते, पुन्हा सरकते आणि मग शॉट सुटतो. या पिस्तुलात टेकते आणि सुटते, मधे काहीच नाही. धक्का असा जवळजवळ नाहीच. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप हाताच्या मापानुसार निवडता येते, तिचा कोन बदलता येतो आणि तळहाताखालची फळी वर-खाली करता येते. मनगट आपोआप घट्ट बसते आणि पिस्तूल उचलल्यावर पुढची माशी मागच्या खाचेत जवळपास आपल्या जागीच येऊन थांबते. हे सुख खरे आहे, आणि ज्याने ते अनुभवले त्याला जुन्या पिस्तुलाकडे परतणे जड जाते, हेही खरे.

आता स्कोअरचे बोलू, कारण पैसे त्यासाठीच मोजले जातात असा समज आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटर मोठे होत जाते. छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी गुण मिळतो. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटर दूर गेला तरीही दहाच मोजले जातात. शिकंज्यात आवळून झाडलेल्या चांगल्या मॅच पिस्तुलाचे पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. समजा एखादे जुने, मध्यम प्रतीचे पिस्तूल त्याच शिकंज्यात १० मिलिमीटरचा ग्रुप देते, म्हणजे त्याचे छर्रे तेवढ्या जागेत विखुरतात. तरी तो मध्यावर आणून ठेवला की सगळे शॉट दहातच बसतील. म्हणजे यंत्राची अचूकता आमच्या गरजेच्या पुष्कळ पलीकडची आहे, स्वस्तातलीसुद्धा.

उलट हाताचा हिशेब पाहा. दोन साईट्समधले, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच यांतले, अंतर ३२ सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून अवघा १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर भरकटतो आणि दहाचा सात होतो. अर्धा मिलिमीटर सरकली, तर नऊ कसेबसे हाती लागतात. संपूर्ण हात समांतर डोलला तर मात्र छर्रा डोलला तेवढाच हलतो, आणि म्हणून नवशिक्याला ज्या डोलण्याची भीती वाटते ते फारसे नडत नाही. नडते ते ट्रिगर ओढताना मनगटात पडणारी सूक्ष्म मुरड. महाग पिस्तुलाचा स्वच्छ ट्रिगर आणि नेमकी ग्रिप ही मुरड कमी करतात, हे मान्य. पण ती मुळातून काढण्याचे काम सरावाचे आहे, आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्याच्या हाताला तो सराव नसतो. माझ्या पाहण्यात, ६० शॉटच्या फेरीत ६००पैकी ५२०च्या आसपास घुटमळणाऱ्या माणसाला नवे पिस्तूल सुरुवातीला काही गुण चढवून देते, आणि नंतर तो पुन्हा आपल्या सरावाने ठरवलेल्या जागी येऊन थांबतो. त्यात वजनाचाही भाग आहे. एका हाताने, साधारण एक किलोचे पिस्तूल, ७५ मिनिटांत ६० वेळा उचलायचे असते. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा बोलू लागला की ट्रिगर कुठल्या देशाचा आहे याला अर्थ राहत नाही.

मग क्लबचेच पिस्तूल वापरत राहावे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत: पिस्तूल स्वतःचे असणे आणि पिस्तूल महाग असणे. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप कोणाच्याच हाताला धड बसत नाही, कारण ती सगळ्यांसाठी ठेवलेली असते. आपल्या आधी कोणीतरी साईट फिरवून गेलेला असतो, त्यामुळे पहिले पंधरा-वीस छर्रे ती जागेवर आणण्यात जातात, आणि शॉट डावीकडे गेला तर दोष आपला की साईटचा हे कळायला मार्ग नसतो. याहून मोठी गोष्ट म्हणजे घरचा सराव. प्रत्येक मॅच पिस्तुलात ड्राय फायरिंगची सोय असते. छर्रा नाही, हवा नाही, फक्त ट्रिगर पडतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून रोज पंधरा मिनिटे हा सराव केला, तर रविवारी-रविवारी येणाऱ्याचा हातही हळूहळू तयार होतो, आणि हे क्लबच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या पिस्तुलाने होत नाही. हा सारा लाभ लाखाच्या आतल्या पिस्तुलानेही तेवढाच मिळतो.

ग्रिपसाठी वेगळा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पिस्तूल साधे असले तरी ग्रिप हाताची हवी. जुन्या नेमबाजांची पद्धत अशी की जिथे पोकळी वाटते तिथे एम-सील भरायचे, ओले असतानाच पिस्तूल पकडून हाताचा ठसा घ्यायचा, वाळल्यावर कानशीने आणि पॉलिशपेपरने घासत आणायचे. दिसायला ते ओबडधोबड होते आणि नवी अक्रोडी ग्रिप अशी विद्रूप करायला कोणाचा हात धजावत नाही. स्वस्त पिस्तुलाचा हा एक अनपेक्षित फायदाच म्हणायचा.

खर्चाचा हिशेब रोखठोक मांडू. वर्षाला २४ वेळा रेंज आणि दर वेळी ८० छर्रे धरले, तर ५०० छर्ऱ्यांचे साधारण चार डबे लागतात. चांगल्या प्रतीच्या मॅच छर्ऱ्यांनाही वर्षाला पाच-सात हजारांपेक्षा फार जास्त पडत नाहीत. दोन लाखांचे पिस्तूल पाच वर्षे वापरले, तर १२० फेऱ्यांवर दर फेरीला सुमारे १,६७० रुपये होतात. पाच वर्षांनी ते १ लाख २० हजारांना विकले गेले, तर हाच आकडा ६७० वर येतो. नामांकित पिस्तुलांना जुन्या बाजारातही गिऱ्हाईक असते, आणि महाग पिस्तुलाच्या बाजूने मला पटणारा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मात्र दोन लाख आज एकरकमी जातात आणि परत मिळायचे ते नंतर, तेही सिलेंडरची मुदत पाहून.

सिलेंडरकडे नवखे ग्राहक दुर्लक्ष करतात. मॅच पिस्तुलाचा सिलेंडर २०० बारपर्यंत भरतात, एका भरणीत दीडशेच्या आसपास शॉट निघतात, आणि त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते; आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेत तो जास्तीत जास्त १० वर्षे चालतो. क्लबमध्ये स्कूबाची मोठी टाकी असेल तर भरण्याचा प्रश्न मिटतो, नाहीतर हातपंप घ्यावा लागतो. पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत हातपंप मारला तर पाण्याचा अंश आत जातो, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे. आणखी एक सूचना, जी कोणी विचारत नाही म्हणून देतो: अंबड-सातपूर भागात वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो, पण तो पिस्तुलाच्या सिलेंडरमध्ये कधीही भरू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि आतल्या वंगणाचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा की यांत्रिक, यावर रेंजवर तासन् तास वाद चालतात. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. एवढ्या पातळीवर, सोबत संघाची सारी यंत्रणा असताना, हे घडू शकते. आमच्यापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे: पिस्तूल अडले तर ते कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवायचे आणि सुट्या भागाची वाट पाहत बसायचे. यांत्रिक ट्रिगरची साफसफाई आणि बारीकसारीक जुळवणी जाणता प्रशिक्षक जागेवरच करून देतो. म्हणून हौशी माणसाने यांत्रिकच घ्यावा, असे माझे मत आहे.

ज्यांच्याकडे स्वसंरक्षणाचा परवाना आहे, अशा निफाड-दिंडोरीकडच्या काही बागायतदारांनी मला विचारले की .३२ बोअरचे महाग पिस्तूल घेऊन त्यावरच नेमबाजी का शिकू नये. कारणे पुष्कळ आहेत. १० मीटरची एअर रेंज काडतुसाच्या गोळीसाठी बांधलेलीच नसते. स्वसंरक्षणाच्या बहुतेक पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांच्या साईट्स पक्क्या असतात, त्यामुळे त्या आपल्या हाताप्रमाणे जुळवता येत नाहीत. एका काडतुसाच्या किमतीत छर्रे डझनांनी येतात आणि काडतुसांची संख्या परवान्याने बांधलेली असते. नवा परवाना काढायचा तर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय गाठावे लागते; २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. नेमबाजीची हौस भागवायला हा मार्ग मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

माझ्यापुरता निर्णय असा: यांत्रिक ट्रिगरचे, लाखाच्या आतले प्राथमिक दर्जाचे मॅच पिस्तूल किंवा त्याच रकमेत नामांकित घराण्याचे वापरलेले पिस्तूल, आणि उरलेल्या पैशांतून ग्रिप, हातपंप, दोन-तीन प्रकारचे छर्रे आणि प्रशिक्षकाची फी. ज्याचा स्कोअर क्लबच्या पिस्तुलावर सातत्याने ५५०च्या पुढे जातो आणि जो घरी रोज ड्राय फायरिंग करतो, त्याने मात्र खुशाल दोन लाख खर्च करावेत. स्वच्छ ट्रिगरची किंमत वसूल करण्याइतका त्याचा हात तयार झालेला असतो. जुने पिस्तूल घेताना मूळ बिल मागावे, सिलेंडरवरची तारीख स्वतः वाचावी आणि नव्या सिलेंडरची किंमत मनातल्या मनात त्या रकमेत मिळवून मग भाव करावा. सिलेंडर भरून एक रात्र ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दाबमापकाचा काटा किती उतरला ते पाहावे. विकणारा निदान वीस छर्रे झाडू द्यायला तयार नसेल, तर दुसरा विक्रेता शोधावा.