‘मास्टर ग्रेड’ मेपलच्या नावाखाली ८७० डॉलरना गंडवलं

फ्लेम मेपल टॉपसाठी (गिटारच्या दर्शनी बाजूला बसवलेली, लाटांसारखे पट्टे असलेली मेपल लाकडाची फळी) जादा पैसे मोजून कस्टम इलेक्ट्रिक गिटार मागवणार असाल, तर आधी हे वाचा. मला ८७० डॉलरना गंडवलं गेलं आहे आणि ज्याने गंडवलं तो आजही उजळ माथ्याने ऑर्डरी घेतो आहे.

हिशेब असा. गिटारची मूळ किंमत २,८५० डॉलर, ‘फाइव्ह-ए’ (लाकडाची वरची प्रत) फ्लेम टॉपचे वर ६५०. मग बिल्डरचा, म्हणजे गिटार बनवणाऱ्याचा, निरोप आला, की याच्याही वरची ‘मास्टर ग्रेड’ फळी नुकतीच हाती आली आहे, आणखी २२० दिलेत तर तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. एकूण ३,७२०, त्यातले निम्मे म्हणजे १,८६० आगाऊ. ‘एकच फळी उरली आहे’ ही घाई कशासाठी करतात ते तुम्हाला सांगायला नको.

मी नवखा नाही. बरीच वर्षं वाजवतो आहे. व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि सॉलिड (सलग जाड) टॉप यांतला फरक ठाऊक होता, म्हणूनच ऑर्डरीत स्पष्ट लिहिलं होतं: सॉलिड, कोरीव मेपल टॉप, बुकमॅच केलेला, म्हणजे एकाच फळीचे दोन काप पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडलेला. त्यावर त्याचं लेखी ‘हो’ माझ्याकडे आहे.

फळीचा फोटो अप्रतिम होता. पट्टे या काठापासून त्या काठापर्यंत. फळी ओली करून बाजूने तिरपा उजेड टाकला की बेताचं मेपलही असंच उठून दिसतं, तेव्हा फोटोवर जाऊ नका. कोरडी फळी उजेडात हलवून दाखवणारा व्हिडिओ मागा. त्या फळीवर जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीची एक तपकिरी रेघ होती, मेपलमध्ये कधीकधी असते तशी. मला ती आवडली होती, म्हणून लक्षात राहिली.

काही महिन्यांनी रंग देण्याआधीच्या बॉडीचा फोटो आला. रेघ गायब. मी विचारलं. उत्तर आलं, “ती नेक पिकअपच्या खाचेत गेली.” म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग बसवायला दांड्याजवळ कोरतात त्या खाचेत.

आजही हे वाक्य आठवलं की डोकं फिरतं. कारण ते पटण्यासारखं होतं. आकार कापताना फळीचा बराच भाग जातोच. टॉप कोरला की खालचा थर उघडा पडतो आणि पट्ट्यांची नक्षी बदलते, हेही खरं आहे. प्रामाणिक बिल्डरसुद्धा ते सांगतात. पण हंबकरची (त्या जातीच्या पिकअपची) खाच तारांच्या दिशेने जेमतेम चार सेंटिमीटर असते. आणि रेघ तारांच्याच दिशेने जाणारी, जवळजवळ दुप्पट लांब. मग तिचं उरलेलं टोक कुठे गेलं? हा एक प्रश्न तिथल्या तिथे विचारला गेला असता तर उरलेले पैसे तरी वाचले असते. फोटो मोठा करून पाहिला होता, खाचेच्या कडा न्याहाळल्या होत्या, मनात पाल चुकचुकलीही होती. पण निम्मी रक्कम त्याच्याकडे अडकलेली, आणि तोवर प्रत्येक मेलला लगेच, नम्रपणे उत्तर देणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. खोटं बोलून पैसे उकळणं हा आहे.

गिटार आली. जाड तारांच्या बाजूला पट्टे विरळ, ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) मागे तर साफ कोरी जागा. पिकअप बदलायला काढले तेव्हा खरा प्रकार उघडा पडला. खाचेच्या कडेला रंगाखाली एक पातळ थर, मग गोंदाची बारीक रेषा आणि खाली साधं, एकही पट्टा नसलेलं मेपल. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने कॅलिपर लावून मोजलं: ०.६ मिलिमीटर. सॉलिड कोरीव टॉप मधोमध बारा-पंधरा मिलिमीटर तरी असायला हवा. काठाला गडद बर्स्ट (कडेकडे गडद होत जाणारा रंग) घ्या म्हणून बिल्डर का मागे लागला होता तेही तेव्हा उमगलं. गडद रंगाखाली कडेचा जोड दिसत नाही. काठ रंगाविना ठेवायला सांगा; जाडी तिथे झाकता येत नाही.

व्हिनियरशी माझं भांडण नाही. स्वस्त गिटारींवर ते सर्रास असतं आणि बऱ्याच कंपन्या तसं स्पष्ट लिहितात. नव्वदच्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या काही जपानी गिटारींवर तर पट्ट्यांची छपाई होती, आणि ती ‘फोटो फ्लेम’ या नावानेच विकली जायची. सॉलिडचे पैसे घेऊन व्हिनियर चिकटवणं ही मात्र निव्वळ लबाडी आहे.

तक्रार केली तर बिल्डरने पुढच्या ऑर्डरीवर १५० डॉलरची सूट देऊ केली. पुढच्या ऑर्डरीवर!

पेमेंट सेवेचा नियम असा, की पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायची. गिटार बनायलाच त्याहून जास्त वेळ लागला. म्हणजे वस्तू हातात येण्याआधीच आगाऊ रकमेवरचा हक्क संपला. कस्टम ऑर्डरीला इतके महिने लागतात हे त्यांना माहीत नाही? उरलेल्या निम्म्या रकमेची तक्रार घेतली, तर बिल्डरने स्वतःच्याच लेटरहेडवर ‘फाइव्ह-ए, मास्टर ग्रेड’ असं लिहून दिलं आणि पेमेंट सेवेने तो कागद ग्राह्य धरला. कारागिराचं लेखी मोजमाप, खाचेचे फोटो हे सगळं बाजूला सारून म्हणे हा ‘गुणवत्तेबद्दलचा मतभेद’. ०.६ मिलिमीटर हे मत आहे का? ग्राहक तक्रार विभाग म्हणतो विक्रेता परदेशात, आमच्या अखत्यारीत नाही. विक्रेत्याच्या देशातला विभाग म्हणतो तुम्ही इथले रहिवासी नाही. पोलीस म्हणतात वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. टोलवाटोलवीत एका अधिकाऱ्याने तर तोंडावर विचारलं, “वाजते ना? मग काय?”

वाजते. ते ८७० डॉलर आवाजाचे नव्हतेच. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या विशिष्ट लाकडाचे होते आणि नेमकं तेच दिलं नाही. सोन्याचा म्हणून मुलाम्याचा हार विकला, तर “गळ्यात घालता येतो ना” असं विचाराल का?

फाइव्ह-ए, मास्टर ग्रेड या शब्दांना सर्वमान्य मानक नाही. लाकूड विकणारा किंवा बिल्डर स्वतःच ते ठरवतो, म्हणून तक्रारीत ते टिकत नाहीत. टिकतात ते आकडे: पावतीवर टॉपची जाडी मिलिमीटरमध्ये आणि ‘व्हिनियर नाही’ हे शब्द लिहून घ्या. युरोपातला ऑनलाइन खरेदीचा १४ दिवसांत वस्तू परत करण्याचा हक्कही ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेल्या वस्तूला लागू नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. फळीच्या मागच्या बाजूला तुमचा ऑर्डर क्रमांक लिहायला लावा, आणि टॉप बॉडीला चिकटवण्याआधी त्या क्रमांकासकट कडेचा फोटो मागा. उरलेली रक्कम भरण्याआधी रिकाम्या पिकअपच्या खाचेचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. तो द्यायला टाळाटाळ झाली तर एक पैसाही पुढे पाठवू नका.