न बदललेल्या पंपाचं बिल

गाडीच्या कामात गिऱ्हाइकाला फसवायला सगळ्यात सोयीचा भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या फ्युएल पंपाचं नाव घेईन. टायर बदलला की दिसतो, बॅटरी बदलली की दिसते. पंप मात्र टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. तो महाग असतो, तो गेला की गाडी जागची हलत नाही, आणि बहुतेक मालकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. माझ्याकडून या पंपाचे पूर्ण पैसे घेतले, वर टाकी उतरवल्याची मजुरी घेतली, आणि प्रत्यक्षात पंपाला कुणी बोटही लावलं नव्हतं. हे कसं जमवलं ते सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत दुसऱ्या कुणावरही चालू शकते.

गाडी जुनी, पेट्रोलची, फ्युएल इंजेक्शनवाली. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. बराच वेळ ट्रॅफिकमध्ये चालली की मात्र धक्का न देता, मिसिंग न मारता एकदम बंद. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पकडायचं नाही. थोडा वेळ बॉनेट उघडं ठेवून थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. शेवटी एकदा बंद पडली ती उठलीच नाही, आणि टो करून जवळच्या गॅरेजात न्यावी लागली.

तिथल्या मेकॅनिकने मला मागच्या सीटवर बसवलं आणि चावी ऑन केली. "काही ऐकू येतंय साहेब? नाही ना? चावी फिरवली की दोन सेकंद गुणगुण आली पाहिजे. पंप बसला." मग विचारलं, "नेहमी रिझर्व्हवर चालवता का? पंपाला थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं. टाकी रिकामी राहिली की पंप तापतो आणि जळतो."

यातली माहिती शंभर टक्के खरी आहे. चावी ऑन केल्यावर पंप थोडा वेळ चालून लाइनमध्ये दाब भरतो आणि इंजिन फिरलं नाही तर थांबतो, हे खरं. पेट्रोलमुळेच तो थंड राहतो, हेही खरं. खोटा होता तो फक्त निष्कर्ष. पंपाचा आवाज येत नाही याचा अर्थ पंप चालत नाही, इतकाच. तो का चालत नाही, हा पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नाही. म्हणजे मनात विचारला होता, उत्तरही त्याला सापडलं होतं. मला सांगितलं नाही.

पंपापर्यंत वीज जाते ती फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), लांबलचक वायरिंग, टाकीवरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर) या वाटेने. यातलं काहीही तुटलं की पंप धडधाकट असूनही गप्प. जुन्या गाड्यांत रिले हा नेहमीचा गुन्हेगार. त्याच्या आतल्या सोल्डरला बारीक चीर पडते. तापला की जोड सुटतो, थंड झाला की पुन्हा जुळतो. माझ्या गाडीची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळत होती. तपासणीही सोपी असते. अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आणि तेवढ्याच पिनांचा असतो, तो काढून पंपाच्या जागी लावायचा. पंप गुणगुणला तर रिले बदला, विषय संपला. रिलेची किंमत पंपापुढे काहीच नाही, आणि नेमकी इथेच मेख आहे.

संध्याकाळी गाडी तयार. फडक्यात गुंडाळलेला काळपट पंप दाखवला, "हा बघा तुमचा, पार जळलाय." नव्या पंपाचं कंपनीचं रिकामं खोकंही हातात दिलं. मी पंपाचा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवला. बिलात तीन ओळी होत्या: फ्युएल पंप असेंब्ली, टाकी उतरवणे व बसवणे, लेबर. गाडी सुरेख चालत होती. काम फत्ते झालं असंच कुणालाही वाटलं असतं.

काही काळाने वेगळंच दुखणं सुरू झालं. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की पिकअप पडायचा, गाडी आचके द्यायची. त्याच गॅरेजला फोन केला तर "आता इंजेक्टर साफ करावे लागतील" (म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) असं उत्तर मिळालं. या वेळी गाडी दुसरीकडे नेली, एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. माणूस कमी बोलणारा. पहिल्या गॅरेजात जे साधन मला दिसलंही नव्हतं, ते यांनी सर्वात आधी बाहेर काढलं: पेट्रोलचा दाब मोजणारं फ्युएल प्रेशर गेज.

अशा गाड्यांत इंजेक्टरच्या रेलमधला, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण 3 ते 4 बार असतो; नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. माझ्या गाडीत इंजिन आयडलवर असताना काटा जेमतेम 3 वर उभा होता आणि रेस दिली की खाली घसरत होता. कुणीही म्हणेल, पंप कमजोर. मी सांगितलं की पंप नवाकोरा आहे. ते म्हणाले, "नवा असो की जुना, आधी त्याला करंट पुरता मिळतोय का ते बघू," आणि मागची सीट उचलली.

सीटखाली पत्र्याचं झाकण आहे. म्हणजे या गाडीत पंप काढायला टाकी उतरवावीच लागत नाही! (काही मॉडेलमध्ये झाकण नसतं, तिथे उतरवावी लागते. आपल्या गाडीत काय आहे ते माहीत करून घेणं सोपं आहे.) झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी होती. स्क्रू गंजून बसलेले, एकाच्याही खाचेत स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा नाही. झाकण उघडल्यावर आतही तेच. पंपाची गोल रिंग मातीने लिंपलेली, आणि असेंब्लीवर छापलेलं साल गाडीच्या उत्पादनाचं. कोणत्याही नव्या पंपावर ते साल असणं शक्य नव्हतं. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हा पंप गाडीबरोबरच आलाय."

या वेळचा खरा दोष कपलरमध्ये होता. एक पिन काळी पडली होती, भोवतालचं प्लॅस्टिक वितळलं होतं. कपलर सुटा करून मोजलं तर मीटरवर 12 व्होल्टच्या वर दिसत होते. पंप जोडून, इंजिन चालू ठेवून मोजलं तेव्हा बॅटरीवर 14 आणि पंपावर 10 च्याही खाली. जळक्या पिनमधून मीटरपुरता करंट जातो, पंपाला लागतो तेवढा जात नाही. म्हणून लोड असतानाच मोजायचं. त्यांनी कपलर नवा बसवला, अर्थचा जोड घासून घट्ट केला, आणि रेस देऊनही गेजचा काटा जागचा हलला नाही. फ्यूज बॉक्समध्ये सगळ्या जुनाट रिलेंच्या रांगेत एकच रिले चकचकीत नवा होता. पहिल्या गॅरेजने केलेलं काम ते एवढंच.

मग मी जुने फोटो त्यांना दाखवले. त्यांनी दोन गोष्टी लगेच हेरल्या. पहिली म्हणजे फोटोतल्या पंपाच्या कपलरच्या पिना माझ्या गाडीच्या पिनांशी जुळतच नव्हत्या. तो भलत्याच मॉडेलचा पंप होता. दुसरी गोष्ट फोटोखालचं फडकं. ते कोरडं ठणठणीत होतं. टाकीतून नुकता काढलेला पंप पेट्रोलने ओला असतो, हातभर लांबून वास मारतो. आणखी एक पुरावा माझ्याजवळच होता: गाडी टो केली तेव्हा टाकी जवळपास फुल होती आणि परत मिळाली तेव्हाही काटा तिथेच. चाळीस लिटर पेट्रोलचं वजनच तीस किलोच्या आसपास जातं. तसली भरलेली टाकी कुणी उतरवत नाही; आधी पेट्रोल काढून घेतात.

पंप खरंच बदलला तर खुणा मागे राहतात. आधी लाइनमधला दाब उतरवतात, बॅटरीचा निगेटिव्ह काढतात, वरची माती साफ करतात, कारण ती टाकीत पडली की नव्या पंपाच्या जाळीत जाऊन बसते. रिंगखालचं रबरी सील नवं घालतात. जुनं फुगलेलं असतं, ते पुन्हा नीट बसत नाही आणि गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो. त्यामुळे काम झाल्यावर सीट उचलली तर स्वच्छ पत्रा, चमकणारे स्क्रू आणि काळंभोर सील दिसायला हवं. गाडी टाकतानाच "जुना पंप ओला असताना दाखवा, आणि आधीचा व नंतरचा गेजचा आकडा बिलावर लिहा" असं सांगितलं, तर खरं काम करणाऱ्याला त्यात काहीच अडचण नसते. खोक्यावर मात्र विसंबू नका. अस्सल खोक्यात नकली पंपही येतो, आणि माझ्या बाबतीत तर नुसतं खोकंच आलं.

धुळीच्या झाकणाचे फोटो, सालाचा फोटो आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. मालकाने आधी "पोराने केलं असेल" म्हटलं, मग "दुसऱ्या गाडीचं बिल चुकून लागलं" म्हटलं. दुसऱ्या गाडीचं बिल असेल तर त्यावर माझ्या गाडीचा नंबर कसा, याला उत्तर नव्हतं. इतर गिऱ्हाइकं ऐकत होती, त्याचाही उपयोग झाला असावा. रिलेची किंमत कापून घेऊन बाकी पैसे त्याने परत केले, आणि बिलाची मूळ प्रत परत मागितली. ती मी दिली नाही.