इन्फ्लेटॉन की कर्व्हेटॉन?
विश्वातल्या घनतेच्या चढउतारांचं मूळ यातल्या कुठल्या अदिश क्षेत्रात (प्रत्येक जागी दिशेविना एकच किंमत असलेल्या क्षेत्रात) शोधू, असं एमएस्सी प्रकल्प निवडणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं.

मेहनत पाहिली तर इन्फ्लेशन, म्हणजे विश्वाचा अगदी सुरुवातीचा झपाट्याचा फुगवटा, घडवणारा इन्फ्लेटॉन सोपा: एकच क्षेत्र, त्याच्या चढउतारांचं मुखानोव्ह-सासाकी समीकरण सोडवा, झालं. कर्व्हेटॉन इन्फ्लेशनभर गप्प बसतो आणि नंतर क्षय पावताना आपले चढउतार विश्वावर उमटवतो. म्हणजे क्षय कधी, तेव्हा ऊर्जेत वाटा किती, हे डोकेदुखीचे आकडे आलेच.

प्लँक उपग्रहानं मोजलेला 0.965 हा वर्णपट निर्देशांक (चढउतारांची ताकद आकारमानानुसार किती बदलते ते सांगणारा आकडा) दोघांनाही जमवता येतो. खरी कसोटी अ-गाउसीपणाची, म्हणजे चढउतार घंटाकृती (गाउसी) वितरणापासून किती ढळतात याची. साध्या इन्फ्लेटॉनमध्ये तो जवळजवळ शून्य. कर्व्हेटॉनचा ऊर्जेतला वाटा जितका कमी, तितका अ-गाउसीपणा वाढतो, प्लँकच्या −0.9 ± 5.1 या अ-गाउसीपणाच्या मापानं अगदी छोटे वाटे बादच केले. क्षयावेळी ऊर्जेत कर्व्हेटॉनचंच वर्चस्व असेल तर अ-गाउसीपणा −5/4, तो अजून तगून आहे.

एका सत्रात उरकायचं असेल तर इन्फ्लेटॉन. पुढे पीएचडी करून आकाशगंगांच्या सर्वेक्षणांशी अ-गाउसीपणाचे आकडे ताडायचे असतील, तर कर्व्हेटॉन.