मेलाटोनिनची गमी आणि चोपड्याचा उन्हाळा: सहा महिन्यांनंतर

सुरुवात वितळून झालेल्या त्या गोळ्यापासूनच करतो, कारण राग अजून गेलेला नाही. एप्रिलात झोपेसाठी मेलाटोनिनच्या ६० गमींची, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांची, बाटली ऑनलाइन मागवली, ६४९ रुपये. कुरिअरवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दोन दिवस पडून राहिली. झाकण उघडलं तर आत एकच गमी. बाटलीच्या आकाराची, लालभडक.

कस्टमर केअरला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, २५ डिग्रीच्या खाली ठेवायचं असतं, लेबलवर लिहिलंय. म्हटलं, ताई, आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, चोपड्याला, मे महिन्यात ४४ असतं, रात्री दोनला गच्चीवर पंखा लावला तरी वाफ येते. मग फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, बाटली उघडतानाचा व्हिडिओ का नाही काढला, असे आठ दिवस गेले. पैसे परत नाहीच. पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट!

आता मला हे लागलं कशाला? केळी. आमच्या शेतीच्या फीडरला (विजेच्या लाईनला) एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. ऑटो स्विच बसवला म्हणजे मोटार आपोआप सुरू होते, पण ठिबकचे व्हॉल्व बदलायला माणूसच लागतो. रात्रीच्या आठवड्यानंतर दिवसाची पाळी आली की पहाटे तीनपर्यंत टक्क जागा. चार दिवसांनी गाडी रुळावर यायची, तोवर पुन्हा रात्रीची पाळी तोंडावर.

तर ६४९ रुपये फेकवेनात. गोळा फ्रीजमध्ये घट्ट केला, विळीवर कापला, घरच्या वजनकाट्यावर तुकडे मोजले. पूर्ण वजन भागिले ६०, हिशोब चोख. लेबलवर एका गमीत ५ मिलिग्रॅम लिहिलेलं. मी 'शेतकरी गडी, एवढ्याने काय होतं' म्हणून दोन तुकडे घ्यायचो, तेही अंथरुणावर पडल्यावर, मोबाईल बघत बघत. झोप लागायची, नाही असं नाही. पण सकाळी डोकं जड, आणि स्वप्नं अशी की एकदा अख्खा केळीचा ट्रक अंगणातल्या विहिरीत गेला. एका पहाटे मोटरसायकलवर पेंग आली, बांधावरून थेट चारीत. आई रोज विचारायची, "झोप उनी का रे?" आणि मी जांभई देत हो म्हणायचो.

इथपर्यंत हा रिव्ह्यू एक स्टारचा होता. जूनमध्ये बीपीच्या गोळ्या बदलायला डॉक्टरांकडे गेलो, सहज विषय काढला, आणि मत बदलावं लागलं. चूक गमीची जितकी, तितकीच माझी.

पहिली गोष्ट, ही झोपेची गोळी नाही. मेंदूतली छोटी ग्रंथी अंधार पडला की हा हार्मोन स्वतःच सोडते. शरीराला 'रात्र झाली' असा निरोप जातो, एवढंच. निरोप दुप्पट मोठ्याने दिल्याने दुप्पट झोप येत नाही. मोबाईलचा उजेड मात्र तो निरोप मागे ढकलतो. म्हणजे मी एका हाताने गमी खात होतो आणि दुसऱ्या हाताने ती पुसत होतो. डॉक्टरांनी ३ मिलिग्रॅमची साधी गोळी दिली, तीही अर्धी, झोपायच्या दीड-दोन तास आधी, आणि फक्त पाळी बदलते त्या तीन-चार दिवसांत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, नैराश्याची काही चालू आहे का, दारू किती, हे सगळं विचारलं. फ्लुवोक्सामिन नावाच्या गोळीसोबत तर मेलाटोनिनची रक्तातली पातळी फार वाढते म्हणे. गरोदर बाईला आणि लहान पोरांना डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही.

वजनकाट्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की कंपाउंडर आत आला. मग म्हणाले, औषध वितळलेल्या गोळ्यात कुठे किती बसलंय हे काटा सांगत नाही. आणि न वितळलेल्या गमीचाही भरवसा कमीच. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मेलाटोनिनच्या २५ गमींपैकी २२ चं लेबल चुकलेलं निघालं. एकीत मेलाटोनिनच नव्हतं, बाकींत लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत. हे ऐकून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता अर्धी गोळी, साडेआठला, मोबाईल ओट्यावर. अकराच्या आत झोप लागते. रात्रीची पाळी करून आलो की सकाळी खिडकीला जुनी ताडपत्री. हिच्या मते घर गोडाऊन झालंय. गोळ्यांची पट्टी शंभराच्या आत येते आणि दोन-अडीच महिने पुरते. मात्र ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे त्याने यावर विसंबू नये. अनेक अभ्यासांची एकत्र सरासरी काढली तर झोप सातेक मिनिटंच लवकर लागते. माझं काम झालं कारण माझं दुखणं पाळीचं होतं.

उरलेला गोळा मी जुलैपर्यंत फ्रीजमध्ये जपला होता. बहिणीचा चार वर्षांचा मुलगा आला आणि "मामा, लाल जेली" म्हणत दार उघडून उभा राहिला. त्याच दिवशी उकिरड्यात खोल पुरला. ३८ तुकड्यांचा माल होता, म्हणजे ४११ रुपये.

कूपन दिवाळीपर्यंत चालतं. कुणाला हवं तर सांगा, फक्त माल थंडीत मागवा.