12 व्होल्ट की 24 व्होल्ट? अंगणातल्या दिव्यांची लाइन टाकण्याआधी

सोलरचे दिवे नकोत आणि 230 व्होल्टची केबलही मातीत पुरायची नाही, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो: पॉवर सप्लाय 12 व्होल्टचा घ्यायचा की 24 चा? दोन्हींचे दिवे दिसायला सारखे, उजेडही सारखाच, आणि चुकून कुदळीखाली केबल आली तरी दोन्हींत जिवावर बेतत नाही. त्यामुळे बरेच जण आधी हाताला लागेल तो संच घेऊन मोकळे होतात. माझ्या मते इथे थोडं थांबावं. केबल एकदा मातीत गेली आणि वर फरशी बसली की हा निर्णय सहजासहजी फिरवता येत नाही.

माझ्याकडे दोन्ही लाइनी आहेत. घरासमोर, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत, पहिल्यापासून 12 व्होल्टची. मागे कुंपणाच्या भिंतीलगत मी नंतर टाकलेली 24 ची. दोन्ही एकाच टायमरवर लागतात. ऊन, पाऊस, माती, मुंग्या दोन्हींच्या वाट्याला सारख्याच. म्हणून पुढे जे लिहितोय ते प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही. दोन्ही लाइनी वापरताना आणि दुरुस्त करताना जे जाणवलं ते आहे. तुमच्या घराची मांडणी वेगळी असेल तर निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकेल.

आधी आकडे बघू, कारण सगळं त्यांच्यावरच उभं आहे. समजा 60 वॉटचे दिवे सप्लायपासून 20 मीटरवर आहेत आणि केबल 1.5 चौरस मिमीची, मऊ तांब्याची आहे. अशा केबलचा रोध किलोमीटरला साधारण 13.3 ओहम धरतात. करंटला जायला एक तार आणि परतायला एक, म्हणजे 40 मीटर तांबं, अर्ध्या ओहमपेक्षा किंचित जास्त. 12 व्होल्टवर 60 वॉट म्हणजे 5 अँपिअर. वाटेतच 2.66 व्होल्ट जातात आणि दिव्यापाशी जेमतेम सव्वानऊ पोचतात. 24 व्होल्टवर तोच भार अडीच अँपिअरचा होतो, घट 1.33 व्होल्टची, आणि दिव्यापाशी साडेबावीसच्या वर शिल्लक राहतात. एकीकडे 22 टक्के गेले, दुसरीकडे साडेपाच टक्के. व्होल्टेज दुप्पट केलं की टक्केवारीतली घट निम्मी नाही, चौथाई होते. या एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

हे गणित सगळे दिवे टोकाला धरून केलंय. दिवे वाटेत समान अंतरावर असतील तर टोकाची घट साधारण निम्म्यावर येते. पण प्रमाण तेच राहतं. 12 व्होल्टवर जाड केबल घेऊ म्हणाल, तर 4 चौरस मिमीची घेऊनही घट 8 टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे 24 व्होल्टच्या बारीक केबलपेक्षा जास्तच. शिवाय 4 चौरस मिमीची तार छोट्या स्पाइक लाइटच्या (मातीत खुपसायच्या दिव्याच्या) टर्मिनलमध्ये बसत नाही. मग प्रत्येक दिव्यापाशी जॉइंट करून बारीक तार काढावी लागते.

व्होल्टेज थोडं कमी मिळालं तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. एलईडी पट्टीत ते चांगलंच बिघडतं. पांढऱ्या एलईडीला जवळपास 3 व्होल्ट लागतात. 12 व्होल्टच्या पट्टीत 3 एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे 9 व्होल्ट त्यांचे आणि उरलेले 3 रोधकावर. दोन व्होल्ट वाटेत गेले की रोधकाच्या वाट्याला एकच उरतो आणि करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने उतरतं, उजेड मात्र त्याच्या कितीतरी पट. म्हणून भिंतीच्या एका टोकाला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला मिणमिण असं दृश्य दिसतं, आणि एकाच रेषेतल्या दिव्यांत ते डोळ्यांना फार खुपतं. ज्या दिव्यांच्या आत स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं छोटं सर्किट, असतो ते बरे: 9 ते 15 व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी ते उजेड टिकवून धरतात. पण व्होल्टेज उतरलं की ते उलट जास्त करंट ओढतात, त्याने घट आणखी वाढते, आणि मर्यादेखाली गेले की लुकलुकायला लागतात.

अर्थात नीट आखलेल्या 12 व्होल्टच्या लाइनमध्ये यातलं काहीही होत नाही. माझी समोरची लाइन व्यवस्थित आखलेली होती: सप्लायची तार ओळीच्या मधोमध जोडलेली, दोन्हीकडे जवळपास सारखे दिवे, केबल 2.5 चौरस मिमीची. कित्येक दिवस तिने काही त्रास दिला नाही. मला तिचा कंटाळा आला तो दुसऱ्याच कारणाने.

बागेत दिवे एकदाच लावून काम संपत नाही. झुडूप वाढतं आणि दिवा पानांआड जातो. नवीन झाड लावलं की त्याच्या बुंध्यावर उजेड पाडावासा वाटतो. फाटकाची बाजू बदलते, बाकडं हलतं. दर वर्षी एखादा दिवा सरकतो किंवा वाढतो. आणि 12 व्होल्टवर टोकाला एक दिवा वाढवला की आख्खी ओळ पुन्हा मोजावी लागते. सगळे दिवे लावायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग मीटर घेऊन अंधारात एकेका दिव्यापाशी उकिडवं बसायचं. स्पाइकची कडी फिरवून सोडवायची, आतली रबरी गॅस्केट मातीत पडू नये म्हणून तोंडात किंवा खिशात धरायची, टर्मिनलच्या दोन स्क्रूंवर मीटरची टोकं टेकवायची. अकरा, साडेदहा, शेवटी दहाच्याही खाली. मग सप्लायपाशी जाऊन तार 12 च्या टॅपवरून (12 व्होल्ट देणाऱ्या टर्मिनलवरून) 13 च्या टॅपवर न्यायची. बाहेरच्या दिव्यांसाठीच्या ट्रान्सफॉर्मरला असे 12 पासून 15 पर्यंत टॅप असतात ते याचसाठी. त्याने टोकाचा दिवा सुधारतो, पण जवळच्यांना जास्तीचं व्होल्टेज जातं आणि ते तापतात. मग जवळच्यांसाठी वेगळी फांदी, पुन्हा मीटर. आणि कडी परत बसवताना गॅस्केटखाली मातीचा एक कण राहिला की पुढच्या पावसात त्याच दिव्याच्या काचेवर आतून वाफ धरते.

मला निर्णयापर्यंत नेलं ते या मीटर घेऊन फिरण्याने. मागच्या 24 व्होल्टच्या लाइनवरही दिवे वाढवले आहेत. वॉटची बेरीज सप्लायच्या 80 टक्क्यांच्या आत आहे ना एवढं बघायचं, सर्वात जवळच्या जॉइंटपाशी तार काढायची, दिवा लावायचा. मीटर लावून बघितला तरी काळजी करावी असा आकडा दिसत नाही.

जॉइंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या लाइनचं दुखणं बहुतेक वेळा जॉइंटमध्येच निघतं. संचाबरोबर येणारे चिमट्यासारखे कनेक्टर केबलच्या आवरणात दोन दात घुसवून तांब्याला टेकतात. लावायला सेकंद लागतो. पण दाताने पाडलेल्या भोकातून ओल शिरते, तांबं आधी काळवंडतं, मग हिरवं पडतं, आणि तिथला रोध हळूहळू वाढत जातो. समजा एका जॉइंटचा रोध 0.1 ओहमवर गेला. 5 अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट जातो आणि अडीच वॉटची उष्णता होते. एवढ्याने कनेक्टरचं प्लास्टिक हाताला गरम लागतं. अडीच अँपिअरला तोच जॉइंट पाव व्होल्ट खातो आणि उष्णता होते जेमतेम 0.6 वॉट. म्हणजे जॉइंट तेवढाच खराब असला तरी 24 ची लाइन तो जास्त काळ सहन करते. मी दोन्हीकडे आता जेल भरलेले जॉइंट किंवा आतून चिकट थर असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी वापरतो, आणि टिनचा मुलामा असलेली तार मिळाली तर तीच घेतो. जॉइंट मातीच्या वर, दिव्याच्या दांड्यामागे ठेवता आला तर उत्तम. केबल दिव्यात शिरण्याआधी खाली वळवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत जात नाही.

इथे 12 च्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 12 व्होल्ट एसी चुंबकीय ट्रान्सफॉर्मरवर चालवता येतो, 24 बहुतेक डीसी असतो. डीसीच्या जॉइंटमध्ये ओल शिरली की विद्युत अपघटनाने पॉझिटिव्हकडचं तांबं झपाट्याने खाल्लं जातं. एसीत हे बरंच कमी होतं. मागच्या लाइनवरचा ओल शिरलेला एक जॉइंट उघडला तेव्हा एक तार चकचकीत होती आणि दुसरीची हिरवी भुकटी हातात आली. म्हणून 24 घेणाऱ्याने जॉइंटमध्ये काटकसर करू नये. शिवाय डीसीत प्लस-मायनस सांभाळावं लागतं. दोन तारांच्या सपाट काळ्या केबलवर बहुधा एका बाजूने बारीक उंचवटा किंवा रेघ असते. ती बाजू कायम पॉझिटिव्हला, असा एकच नियम सगळीकडे पाळला की गोंधळ होत नाही.

12 ची खरी ताकद आहे सुट्या बल्बची. दोन पिनांचा एमआर 16 बल्ब हा हॅलोजनच्या काळापासूनचा ठरलेला आकार आहे. बल्ब गेला तर तेवढाच बदलायचा, कोणत्याही कंपनीचा बसतो, फिटिंग जागेवरच राहतं. उजेड जास्त वाटला तर कमी वॉटचा घाला, झोत रुंद हवा तर 36 ऐवजी 60 अंशांचा घाला. 24 व्होल्टच्या बऱ्याच फिटिंगमध्ये एलईडी आतच बसवलेला असतो. तो गेला की पूर्ण फिटिंग बदला, आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असेल तर ओळीत एक दिवा वेगळा दिसणार. ज्यांना ओळीतला वेगळेपणा चालत नाही त्यांनी हे वजन नीट तोलावं. जुन्या हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर मात्र एलईडी बल्ब सरळ चढवू नका. त्याला चालू राहायला किमान भार लागतो, तो एलईडीने भरत नाही आणि दिवे फडफडतात.

पट्टी कापायच्या बाबतीतही 12 थोडा पुढे आहे. मीटरला 60 एलईडी असलेली 12 ची पट्टी दर 5 सेंटिमीटरवर कापता येते, 24 ची सहसा दर 10 वर. पायऱ्यांच्या कडेखाली पट्टी लावताना हा फरक दिसतो: दर 10 सेंटिमीटरवर कापायची पट्टी एका कोपऱ्यात थोडी कमी पडते आणि तिथे अंधार राहतो. लांब भिंतीवर त्याने काही फरक पडत नाही. बॅटरीवर चालवायचं असेल तर 12 सोयीचा, हे सांगायला नकोच.

24 च्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो लाइन टाकताना सहसा सुचत नाही: सप्लाय कुठे बसतो. 12 मध्ये घट वाचवायची म्हणून सप्लाय दिव्यांच्या जवळ, म्हणजे बाहेर न्यावा लागतो, डब्यात बंद, उन्हात तापणारा. 24 मध्ये तो घरात, छपराखाली, हवेशीर जागी ठेवता येतो. उष्णतेने सप्लायमधले कपॅसिटर लवकर सुकतात, त्यामुळे घरातला जास्त टिकावा असा माझा अंदाज आहे. 230 व्होल्टची बाजूही मग पूर्णपणे घराच्या आत राहते. ती जोडणी वायरमनकडूनच, आरसीसीबीच्या (वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) मागे करून घ्यावी.

व्होल्ट कमी म्हणून निर्धास्त राहू नये, हे दोन्हींना लागू. 150 वॉटचा 12 व्होल्टचा सप्लाय साडेबारा अँपिअर देऊ शकतो आणि बारीक तारेत शॉर्ट झाला तर ती लाल होण्याइतकी तापू शकते. 24 वर तेवढ्याच वॉटला सव्वासहा अँपिअर. दोन्हीकडे प्रत्येक फांदीला वेगळा फ्यूज असावा. पोहण्याच्या तलावात बुडणाऱ्या दिव्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात 12 व्होल्ट एसी किंवा 30 व्होल्ट डीसी ही कमाल मर्यादा आहे, तेव्हा तिथे 24 व्होल्ट एसी बसत नाही.

एवढं सगळं ठेवून सांगायचं तर, अंगण छोटं असेल, सर्वात लांबचा दिवा सप्लायपासून 8-10 मीटरच्या आत असेल आणि पुढे फारशी भर पडणार नसेल, तर 12 व्होल्ट घ्या. सुट्या बल्बची सोय तुम्हाला वर्षानुवर्षं मिळेल आणि घटीचा त्रास जाणवणार नाही. अंतर त्याहून जास्त असेल, लांब पट्टी लावायची असेल, किंवा तुमची बाग माझ्यासारखी दर वर्षी बदलत असेल, तर मी 24 कडे झुकेन. समोरची लाइन कधी उकरायची वेळ आली तर तिथेही 24 च टाकीन.

24 घेणार असाल तर पहिल्याच खरेदीत प्रत्येक प्रकारचा एखादा-दुसरा जास्तीचा दिवा घेऊन ठेवा. आणि घरात दोन्ही व्होल्टेज असतील तर प्रत्येक जॉइंटवर आकडा लिहिलेली पट्टी चिकटवा. दोन्हींचे कनेक्टर एकमेकांत सहज बसतात, आणि 12 चा दिवा 24 वर लावला की तो बहुधा तिथल्या तिथे जातो.